शंभरटक्के आणि मेणाची कवळी

दातांच्या लॅबमध्ये सगळे त्याला शंभरटक्के म्हणत. काम कधी मिळेल असं विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, शंभर टक्के झाल्याशिवाय माझ्या टेबलावरून काहीही हलणार नाही. आणि खरंच हलत नसे. वीस वर्षं तो कवळ्या करत होता आणि एवढ्या काळात त्याच्या हातची एकही कवळी टोचते म्हणून परत आली नव्हती. हे तो स्वतःच सांगे, न विचारता सांगे, आणि पुष्कळदा सांगे.

कवळी करण्याची रीत अशी. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा साचा होतो. साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी रचायची आणि त्या मेणात एकेक दात बसवत जायचं. ही मेणाची कवळी एकदा माणसाच्या तोंडात घालून बघतात. तिला ट्रायल म्हणतात. ट्रायल दिसते अगदी खऱ्यासारखी, पण असतं ते मेण. म्हणून ती डॉक्टरांच्या खुर्चीत बसूनच घालायची, आरशात बघायचं, दोन शब्द बोलायचे, हसून बघायचं आणि काढून परत द्यायची. थंड पाण्याच्या डबीतून ती लॅबमध्ये येते. मग मेण वितळवून त्या जागी पक्कं प्लास्टिक भरतात, शिजवतात, घासतात आणि चकाकी आणतात. ट्रायल घरी जात नाही, हा लॅबचा पहिला नियम. एका बाईंनी फक्त फोटोपुरती ट्रायल मागितली होती, संध्याकाळी परत आणून देते म्हणाल्या. शंभरटक्केने लॅबच्या दारात उभं राहून त्यांना सुनावलं होतं, "बाई, अर्धवट वस्तू लोकांच्या तोंडात घालणारा माणूस मी नव्हे." पुढे आठवडाभर तो हे वाक्य सगळ्यांना ऐकवत हिंडला.

आता हाच माणूस घरी येऊन काय करायचा, तर अर्धवट गेम विकत घ्यायचा.

त्याला अर्ली ॲक्सेस म्हणतात. म्हणजे गेम अजून तयार नाही, पण पैसे आत्ताच द्या, आहे तेवढा खेळा आणि खेळता खेळता आमच्या चुका आम्हाला कळवा. पैसेही आपले, आणि वर तपासनिसाची नोकरीही आपली, तीही बिनपगारी. दुकानदाराने एका पायाची खुर्ची विकावी, बाकीचे तीन पाय येत्या वर्षात देऊ म्हणावं, आणि लोकांनी रांग लावून ती न्यावी, असा हा प्रकार. कवळ्यांच्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर शंभरटक्केने त्याला लॅबच्या पायऱ्यांवरून खाली ढकललं असतं. गेमच्या बाबतीत मात्र तो दरवेळी रांगेत पहिला.

त्यातही त्याला जगून दाखवण्याचेच गेम लागत. माणूस कुठल्याशा ओसाड जागी उघडाबोडका पडलेला असतो. लाकडं तोडायची, दगड गोळा करायचे, आडोसा उभारायचा, भूक भागवायची आणि थंडीने मरायचं नाही. घरात सिलेंडर संपला तर शेजाऱ्यांना हाक मारणारा हा माणूस पडद्यावर मात्र गारगोटीने आग पेटवत बसे. आधी त्याने बर्फाचा गेम घेतला. त्यात बर्फ होता, पण थंडी वाजण्याची सोय पुढच्या खेपेला येणार होती. मग जंगलाचा घेतला. त्यातली हरणं भिंतीतून आरपार चालत जात. दोन्ही बनवणाऱ्यांनी वर्षभर गाजरं दाखवली आणि एके दिवशी हात वर केले. दोनदा तोंडाला पानं पुसून झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. शंभरटक्केने तिसरा घेतला, बेटाचा. आणि तो कुठल्या पैशांनी घेतला, तीच तर खरी गोष्ट आहे.

त्याचे वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चाळीस वर्षं लोकांच्या चुकांवर लाल शाई फिरवली, निवृत्त झाले, पण खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. औषधाच्या बाटलीवरच्या चुकासुद्धा ते दुरुस्त करत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे शेवटचे चार दात काढले आणि तोंडाचं बोळकं झालं. घरात कवळीचा कारागीर असताना काळजी कसली? डॉक्टरीणबाईंनी आपुलकीने माप घेऊन दिलं. लॅबच्या मालकाने शनिवारी दुपारी, लॅब रिकामी असते तेव्हा, घरचं काम करायला परवानगी दिली. आणि म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्ण पैसे मुलाच्या हातावर ठेवले.

"बाबा, घरच्या कामाचे कसले पैसे घेताय माझ्याकडून... म्हणजे देताय?" शंभरटक्के म्हणाला.

"घरचं असलं तरी हाताचं काम आहे. हाताच्या कामाचे पैसे द्यायचे असतात. ठेव."

त्याने ठेवले. म्हणजे त्याच संध्याकाळी बेटाच्या गेमवर ठेवले. बेटाच्या जाहिरातीत एक माणूस समुद्राकाठी चुलीवर मासे भाजत बसलेला होता, मागे सूर्य मावळत होता, आणि खाली लिहिलं होतं की हा प्रवास आम्ही तुमच्यासोबत करणार आहोत. दोनदा पोळलेला हा गडी ते वाचून विरघळला.

बेटावर चूल होती, पण ती पेटत नव्हती. चुलीवर हात नेला की एक पाटी यायची : लवकरच येत आहे. नदी होती, पण त्यात पाणी पिता येत नव्हतं. लवकरच येत आहे. होडी किनाऱ्याला बांधलेली होती, तिच्यावरही तीच पाटी. जे आलेलं होतं ते म्हणजे भूक. भूक अगदी पहिल्या दिवसापासून उत्तम चालत होती. दर पाच मिनिटांनी पोट रिकामं व्हायचं आणि शंभरटक्केचा माणूस कच्चे खेकडे खात बेटाला चकरा मारायचा. दर महिन्याला बनवणाऱ्यांचं पत्र यायचं. चुलीचं काम जोरात सुरू आहे, आमची टीम छोटी आहे पण मेहनती आहे, तोवर या नव्या टोप्या बघा. टोप्या वेगळ्या विकत घ्यायच्या होत्या. चूल पेटेना, पण टोप्या सतरा प्रकारच्या.

घरातही भूक चालूच होती. पडद्यावरचा माणूस कच्चं खात होता आणि शेजारच्या खोलीतला म्हातारा गिळगिळीत. भात कुस्करून, भाजी घोटून, पोळी दुधात भिजवून. सून दोन्ही वेळा त्यांच्यासाठी वेगळं रांधायची, घोटायची, आणि घोटता घोटता नवऱ्याच्या खोलीकडे बघायची.

कवळीचं काम सुरुवातीला झपाट्याने झालं, हे कबूल करायला हवं. दोन महिन्यांत ट्रायल तयार झाली. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत म्हाताऱ्याने ती घालून बघितली, आरशात हसले, छापखान्यातल्या जुन्या साहेबांची नक्कल करून दाखवली, आणि डॉक्टरीणबाईंनी टाळी वाजवली. ट्रायल डबीत बसून लॅबला परत गेली. उरलं होतं फक्त पक्कं करायचं काम. दीड दिवसाचं. आणि तिथेच माशी शिंकली. शनिवारी दुपार झाली की शंभरटक्केला वाटायचं, आज बेटावर नवी कुऱ्हाड आली आहे, ती बघू, कवळी काय, घरचीच आहे, पुढच्या शनिवारी. गिऱ्हाइकाच्या कामासाठी डोळ्यात तेल घालून बसणाऱ्याने बापाच्या दातांचं भिजत घोंगडं ठेवलं, आणि तेही अक्षरशः, पाण्याच्या डबीत. डबीतलं पाणी मात्र तो दर सोमवारी न चुकता बदले. तेवढं केलं की काम पुढे सरकलं असं त्याला वाटत असावं.

रविवारी सकाळी तो गेमखाली अभिप्राय लिहायला बसे. दोन बोटांनी टाइप करी, मोठ्याने वाची, आणि अडलं की बापाला हाक मारी. म्हातारा पेन घेऊन यायचा, सवयीने.

"बाबा, मी लिहिलंय, ही उघड फसवणूक आहे."

"फसवणूक नको लिहूस," बाबा म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द हवेत विरत होते, पण मुलाला सवय झाली होती. "फसवणूक सिद्ध करावी लागते. निराशा लिही. निराशा सिद्ध करावी लागत नाही."

"आणि पुढे? लोकांचे पैसे घेऊन महिनोन्‌महिने काम रखडवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे."

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. त्यात मला काही दुरुस्ती दिसत नाही."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. शंभरटक्केला वाटलं, भांडं पडलं. इतका निबर माणूस शोधून सापडायचा नाही.

दहाव्या महिन्यात म्हाताऱ्याला फोन आला. छापखान्यातले पाच जण अजून शिल्लक होते. वर्षातून एकदा कुणाच्या तरी घरी दुपारी जेवायला जमत. या खेपेचं जेवण मशीनवाल्याकडे होतं. मशीनवाला म्हणजे छपाईचं यंत्र चालवणारा, चाळीस वर्षं म्हाताऱ्याच्या शेजारच्या टेबलावर डबा खाणारा. तो आता मुलीकडे कायमचा राहायला निघाला होता, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. निरोपाचं भाषण म्हाताऱ्याने करायचं, हे कुणी ठरवलंच नाही, ते ठरलेलंच होतं. छापखान्यात बोलावं तर त्यांनीच.

"महिना आहे," बाबा मुलाला म्हणाले. "होईल ना रे तोवर? मला बोलायचंय. या तोंडाने बोललो तर नुसती वाफ निघेल."

"शंभर टक्के," मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्याने भाषण लिहायला घेतलं. चार पानं झाली. मग लाल पेनाने ती स्वतःच कापत दोनवर आणली. दुपारी खोलीचं दार लावून ते वाचून बघत, आणि बाहेर नुसतं फस्स फस्स ऐकू येई. सून दाराशी थांबून ऐकायची आणि एकदा तिने नवऱ्याला गाठलंच.

"अहो, तीन शनिवार गेले. एक राहिलाय."

"एकच लागतो. शनिवारी शिजवतो, रविवारी सकाळी घासतो, बारा वाजता बाबांच्या तोंडात. तू कशाला जीव काढतेस?"

"मी नाही काढत. ते घोटून घोटून माझा हात दुखतोय."

"सांगितलं ना, शंभर टक्के."

"तुमच्या त्या बेटावरच्या चुलीसारखं ना? लवकरच येत आहे?"

तो हसला. बायको विनोद चांगला करते, असं त्याला वाटलं.

शेवटच्या शनिवारी सकाळी बेटावर हिवाळा आला. वर्षातली सगळ्यात मोठी भर म्हणून बनवणाऱ्यांनी तिचा गाजावाजा केला होता. खरोखरच थंडी वाजू लागली, आणि त्या थंडीसोबत सगळ्यांची जुनी घरं पुसली गेली. शंभरटक्केने अकरा महिन्यांत उभारलेली झोपडी, कुंपण, वाळत घातलेली कातडी, सगळं साफ. खाली ओळ होती : गैरसोयीबद्दल क्षमस्व, नव्याने सुरुवात करण्याचा आनंद घ्या. कुणीही स्वाभिमानी माणूस यावर यंत्र बंद करून उठला असता आणि लॅबला गेला असता. हा पठ्ठ्या आनंद घ्यायला बसला. निदान चार भिंती उभ्या करू, एवढंच, असं म्हणत म्हणत त्याने पहिलं लाकूड तोडलं, आणि लॅबच्या मालकाने कुलूप लावलं तेव्हा त्याची तिसरी भिंत चालू होती.

रविवारी सकाळी तो मालकाकडून किल्ली मागून लॅबला गेला. घड्याळ बघितलं. मेण काढणं, प्लास्टिक भरणं, शिजवणं, हळूहळू निववणं. घाई केली तर कवळी वाकडी होते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. डबीत कवळी गुलाबी, देखणी, हसत बसली होती. त्याने डबी उचलली आणि घरी आणली. वीस वर्षांत पहिल्यांदा एक ट्रायल घरी गेली.

"आजच्या दिवसापुरती घाला, बाबा. दिसायला शंभर टक्के आहे. फक्त गरम काही घ्यायचं नाही आणि चावायचं नाही."

म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून तयार होता. भाषणाचे दोन कागद खिशात. "जेवायला चाललोय ना मी?" ते म्हणाले.

"भाषण तर करायचंय. बोलायला चालेल. जेवण काय, इथे येऊन जेवा."

सुनेने तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी हाताने तिला थांबवलं. त्यांनी कवळी घातली, आरशात बघितलं. नऊ महिन्यांनी पुन्हा आरशात त्यांचा जुना चेहरा होता. ते मुलाकडे वळून म्हणाले, "कारागीर आहेस खरा." हे शब्द त्यांनी स्वच्छ, ठसठशीत उच्चारले, आणि शंभरटक्केची छाती फुगली. ज्याची मान खाली जायला हवी होती त्याची छाती फुगली, यावर आणखी काय बोलावं.

ते तीनच्या सुमारास परत आले. शंभरटक्के चौथी भिंत बांधत होता. बाबांनी त्याच्या कीबोर्डवर एक रुमाल ठेवला आणि आपल्या खोलीत गेले. रुमाल त्यांचा नव्हता, मशीनवाल्याचा होता, कोपऱ्याला शाईचा जुना डाग असलेला. आत कवळी होती. पुढचे तीन दात सुटे, मेणाला बोटांचे ठसे. सोबत एक कागद होता, लाल शाईतला, नेहमीच्या नेटक्या अक्षरात.

"वस्तू : कवळी. किंमत : पूर्ण, आगाऊ. वाट पाहिली : अकरा महिने. प्रत्यक्ष वापर : पाऊण तास.

दिसायला उत्तम. भाषणाच्या पहिल्या पानापर्यंत चांगली चालली. पान उलटताना यजमानीणबाईंनी मायेने गरम सूपची वाटी हातात दिली. सगळे माझ्यासाठी थांबले होते. एक घोट घेतला. दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीला पुढचे तीन दात वाटीत पडले. मंडळी हसली, मीही हसलो. मशीनवाल्याने दात वाटीतून काढून, पुसून, रुमालात बांधून दिले. तो हसला नाही. दुसरं पान राहिलं.

निर्माता मेहनती आहे असं ऐकून आहे. फसवणूक म्हणत नाही. निराशा. शिफारस करत नाही."

शंभरटक्केने तो कागद दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. पडद्यावरचा त्याचा माणूस तोवर थंडीने मेला होता. त्याने यंत्र बंद केलं नाही, तसाच उठला आणि बाबांच्या दारापाशी गेला. दार लोटलेलं होतं. सून आत बसून भात कुस्करत होती. तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा कुस्करायला लागली. तिने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि त्याला लाज वाटली. लोकांना वाटली पाहिजे असं तो ज्या लाजेबद्दल दर रविवारी लिहायचा, तीच.

सोमवारी त्याने रजा टाकली आणि लॅबमध्ये जाऊन बसला. दात पुन्हा बसवले. मेण काढलं, प्लास्टिक भरलं, शिजवायला ठेवलं. दुपारी त्याच्या फोनवर बेटवाल्यांचं पत्र आलं. आजपासून आमचा गेम अर्ली ॲक्सेसमधून बाहेर पडत आहे, तो पूर्ण झाला आहे, या प्रवासात सोबत राहिल्याबद्दल आभार, आता आम्ही नव्या, अवकाशातल्या गेमकडे वळत आहोत. चूल पेटत नव्हती, होडी बांधलेलीच होती. त्यांनी फक्त 'लवकरच येत आहे' ही पाटी काढून टाकली होती. काम पूर्ण करण्याची ही रीत कवळीला लागू पडत नाही, नाहीतर शंभरटक्केनेही तीच वापरली असती. त्याने पत्र पुसून टाकलं, अभिप्राय लिहिला नाही. लिहायला त्याला तोंड नव्हतं.

कवळी त्याने सावकाश निववली. मंगळवारी दिवसभर घासली, कडा बोटाने चाचपून बघितल्या, चकाकी आणली. खरोखर शंभर टक्के. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते. मशीनवाल्याचं विमान सकाळीच गेलं होतं, रुमाल धुऊन, घडी घालून त्यांच्या मांडीवर होता. परत द्यायचा राहिला होता.

बाबांनी कवळी घातली. दात एकमेकांवर मिटून बघितले, इकडून, तिकडून. सुनेने काकडीच्या चकत्या आणून दिल्या. त्यांनी एक चकती तोंडात टाकली आणि कर्रकन आवाज झाला. अकरा महिन्यांत त्या घरात तो आवाज झाला नव्हता. सुनेने पदराने डोळे पुसले.

"कुठे टोचतंय का?" शंभरटक्केने विचारलं.

"नाही. कुठेही चूक नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कधी कुणाला मिळाली नव्हती.

शंभरटक्के त्यांच्या पायाशी जमिनीवर बसला. मग तो म्हणाला, "बाबा, ते दुसरं पान राहिलं ना? मला म्हणून दाखवा. मी ऐकतो."

बाबांनी दुसरी चकती घेतली, नीट चावून खाल्ली, आणि मग अगदी स्पष्ट, प्रत्येक अक्षर ठसठशीत उमटेल असं म्हणाले,

"ते तुझ्यासाठी लिहिलं नव्हतं रे."

आवाजात राग नव्हता. त्यांनी सुनेकडे आणखी थोडी काकडी मागितली.